एकदाच विचारणारे वानखडे सर

आमच्या शेजारच्या वानखडे सरांकडे तुम्ही गेलात, तर ते दार उघडतील, बसा म्हणतील आणि विचारतील, "चहा घेता?"

आता तुम्ही चांगल्या घरात वाढलेले असाल, तर म्हणाल, "नको, आत्ताच झाला." सर म्हणतील, "बरं." मग आत जाऊन स्वतःपुरता एक कप चहा करतील, आलं-वेलची घातलेला. तुमच्यासमोर बसून तो फुंकून फुंकून पितील, तुमच्याशी हसून गप्पाही मारतील. पण चहाचा विषय तिथंच संपलेला असेल. आमच्या सोसायटीतली अर्धी माणसं तेवढ्यावरून सरांना माणूसघाणे ठरवून मोकळी झाली होती. आमच्या ह्यांनीही पहिल्या भेटीत 'नको' म्हटलं, आणि घरी येऊन करवादले, "चमत्कारिकच माणूस आहे! नुसता वास घ्यायला बोलावलं होतं की काय?"

मला मात्र ती पद्धत आवडली. माझं माहेर नारायण पेठेतलं. आमच्याकडे आग्रह नसतो असं बाहेरगावची मंडळी म्हणतात. अहो, असतो, पण तो आम्ही मनातल्या मनात करतो. हवं असेल तर घ्या, नको असेल तर राहू द्या, उगाच घशात काय कोंबायचं? मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, मला एका प्रश्नाला एक उत्तर बरं वाटतं. लग्न होऊन विश्रांतवाडीला आले, तेव्हा माहेरच्यांच्या दृष्टीनं मी परदेशीच गेले होते. तिथं शेजारी असा माणूस निघाला, याचा मला आनंदच झाला. मी पहिल्याच दिवशी "हो, घेते की" म्हटलं. सर इतके खूश झाले, की त्यांनी साखर दोनदा घातली.

गंमत म्हणजे सर पुण्याचे नव्हेतच. ते अमरावतीकडचे, दर्यापूरजवळच्या एका खेड्यातले. पुण्यात एका कॉलेजात फ्रेंच शिकवायला म्हणून आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर घरीच क्लास घ्यायचे. चाळीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे नऊ वाक्यं आमच्यासारखी बोलत आणि दहावं वऱ्हाडी. रागावले किंवा हळवे झाले, की मग दहाही वऱ्हाडी.

पूर्वी त्यांच्या क्लासला जेमतेम पाच-सहा मुली असायच्या. मग एकदम कंपन्या आल्या. वाघोली-खराडीकडून गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या अडकवलेली मुलंमुली यायला लागली. फ्रेंच गिऱ्हाइकांशी फोनवर बोलता आलं की पगार वाढतो म्हणे. सरांच्या दारातल्या चपला माझ्या पायपुसण्यापर्यंत पोचल्या. मी दोनदा बोलले. सरांनी दुसऱ्या दिवशी खडूनं जमिनीवर रेघ मारली आणि वर्गात सांगितलं, "ह्या रेघेपलीकडे वहिनीचा देश लागतो. तिथं व्हिसा लागते." त्यानंतर माझ्या दारात एक चप्पल आली नाही.

दर शनिवारी वर्गात एक वेगळाच धडा असायचा. सर सकाळी उठून सांभारवडी करायचे. वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि तिचं सारण भरून तळलेली ती वडी. सुगंध आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ताट घेऊन सर एकेकासमोर उभे राहायचे आणि फ्रेंचमध्ये विचारायचे, "व्हुझां व्हुले?" म्हणजे, हवं का? ज्यानं लाजून 'नको' म्हटलं, त्याच्यापुढून ताट गेलंच. परत फिरून यायचं नाही. जो 'व्होलोंतिए' म्हणेल, म्हणजे 'आनंदानं', त्याला दोन वड्या. एक मुलगी म्हणाली, "सर, आय ॲम गुड." सर म्हणाले, "मंग बस तशीच गुड." बिचारी तासभर इतरांचं कुरुमकुरुम ऐकत बसली. यवतमाळचा एक मुलगा तर तीन शनिवार उपाशी राहिला. घरच्या सवयीनं 'नको' म्हणायचा आणि मान वर करून वाट बघायचा. चौथ्या शनिवारी ताट समोर यायच्या आतच तो 'व्होलोंतिए' असा ओरडला, की मला इकडे आमटी ढवळताना ऐकू आलं.

"सर, हा छळ आहे," मी एकदा म्हटलं.

"छळ नाही वहिनी, शिक्षण आहे. व्याकरण मी दोन महिन्यांत शिकवतो. हो म्हणायला शिकवाले वर्ष लागते."

यामागची गोष्ट ते कुणालाही सांगायचे, आणि फार मजेत सांगायचे. तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते वर्षभर फ्रान्सला शिकायला गेले होते, प्वातिए नावाच्या गावात. टेकडीवरचं जुनं गाव, खाली नदी, शनिवारी चर्चसमोर बाजार. सर एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्यानं राहायचे. पहिल्या दिवशी बाईंनी सूप वाढलं आणि विचारलं, "आणखी?" सरांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरून म्हटलं, "नको." त्यांच्या घरी माय आडव्या हातांवरूनसुद्धा वाढायची. तिसऱ्या 'नको'ला जेवण सुरू व्हायचं. प्वातिएच्या बाईंनी मात्र मान डोलावली आणि भांडं उचलून नेलं.

"बाप्पा! मी पाहतच राह्यलो," सर सांगायचे. "मले वाटलं, आता येईल, मंग येईल. ते बाई भांडं धुऊन राह्यली होती. दिवाळीपर्यंत माह्या पँटीले दोरी लागली. बाईनं डॉक्टरले सांगितलं, हिंदुस्थानातले लोक फार कमी खातात."

आम्ही पोट धरून हसायचो. सरही हसायचे. शेवटी मला उद्देशून म्हणायचे, "प्वातिए म्हणजे तुमची नारायण पेठच, वहिनी. दुपारी दुकानं बंद, गिऱ्हाइकाकडे पाहायचं नाही, आणि विचारायचं एकदाच." मी म्हणायचे, "मग शहाणी माणसं दिसतात."

पॅरिसचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "पॅरिस पाहुण्यासाठी असते. घर पाहायचं असंन तर गावात जा." कुणाला परदेशी शिकायला जायचं असलं, की सर त्याला लहान गावाचा रस्ता दाखवायचे. त्यांच्या या नादापायीच आमची लेक केतकी, सगळ्या मैत्रिणी अमेरिकेला निघालेल्या असताना, इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाला प्वातिएला गेली. तिचे अर्ज सरांनी तपासले, तिच्याकडून रोज दोन तास बोलून घेतलं. जाताना त्यांनी तिला एक काळी छत्री दिली. "तिथला पाऊस आपल्यासारखा येत-जात नाही. तो तिथंच राहतो," म्हणाले. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बेटा, कोणी काही विचारलं, की पहिल्यांदाच खरं बोल. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

केतकी नाटकीपणानं हात जोडून म्हणाली, "व्होलोंतिए, सर!" मला त्या दिवशी रडू आवरत नव्हतं, त्यामुळे सरांच्या चेहऱ्याकडे माझं फारसं लक्ष गेलं नाही.

केतकीची ई-मेल आली, की मी ती छापून सरांना वाचायला न्यायची. ते उभ्यानंच वाचायचे. वाचून झालं, की त्यांचे प्रश्न सुरू. मला वाटायचं, वर्षभर राहिलेला माणूस, कॉलेजचं विचारेल, चर्चचं विचारेल, त्या म्हाताऱ्या बाईंच्या गल्लीचं विचारेल. ते विचारायचे स्टेशनचं. स्टेशनवरून गावात चढायला पायऱ्या आहेत का अजून? दुसऱ्या फलाटावर लाकडी बाक होतं, ते आहे का? मी ते प्रश्न इमानेइतबारे लिहून पाठवायची. केतकीनं कळवलं, पायऱ्या आहेत, बाक आता लोखंडी आहे. सर म्हणाले, "बदलणारच." त्या दिवशी त्यांनी चहा करून आणला आणि तो तसाच गार होऊ दिला. मी ते पाहिलं आणि विसरूनही गेले.

दोन वर्षांनी केतकीचं पत्र आलं, की पदवीदान आहे, आईबाबांनी यावं. शेवटी एक ओळ होती, 'सरांनाही आणता येईल का?' ते पत्र मी त्याच संध्याकाळी सरांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. ते नुसतं "छान, छान" म्हणाले. आमची तयारी सुरू झाली. आमचे हे लोकरीच्या टोप्या गोळा करायला लागले. मी सरांकडून 'किती झाले?' आणि 'स्वच्छतागृह कुठे आहे?' एवढं फ्रेंच शिकून घेतलं. तेवढ्यात आपलं जग फिरून होतं, असा माझा हिशेब होता.

या सगळ्या गडबडीत सरांना विचारायचं राहूनच गेलं. महिना-दीड महिन्यानं आठवण झाली तशी एका गुरुवारी मी त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "सर, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर प्वातिएला."

सर फुलपात्रातून तुळशीला पाणी घालत होते. पाणी जरा बाहेर सांडलं.

"नको, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही मायबाप जा. मी कायले मधात?"

मी म्हटलं, "बरं."

आणि घरी आले. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुकच वाटलं. त्यांचाच नियम मी त्यांना किती चोख लावला! ह्यांनाही सांगितलं, "विचारलं मी. नको म्हणाले. विषय संपला."

पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. बघते तर पोलीस. चौकीतून एक पोक्त हवालदार आले होते, हातात कागदांची फाइल. मी दार अर्धंच उघडं धरलं.

"घाबरू नका, बाई," ते म्हणाले. "शेजारी वानखडे म्हणून ऱ्हात्यात, त्यास्नी वळखता नव्हं? पासपोर्टची चौकशी हाय. शेजाऱ्याची सही लागती."

"पासपोर्ट? वानखडे सरांचा?"

"हां. जुना लई वर्षांमागं संपलाय. आता नवा मागितलाय."

मी सही करायला कागद घेतला. वर सरांचा फोटो डकवलेला होता. कोट, टाय, केस नीट चापून बसवलेले. एवढ्या वर्षांत मी सरांना कधी टायमध्ये बघितलं नव्हतं. खाली अर्जाची तारीख होती. मी गणिताची बाई, मला बोटं मोजायला लागली नाहीत. केतकीचं पत्र मी वाचून दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती तारीख होती.

"कवा निघणार म्हणून इचारलं मी त्यास्नी," हवालदार सहीची जागा दाखवत म्हणाले. "तर म्हणले, बोलावणं आलं की जाईन."

हवालदार गेले आणि मी तिथंच स्टुलावर बसले. मला फार लाज वाटली. दीड महिना हा माणूस कोट-टायमध्ये फोटो काढून, अर्ज भरून, भिंतीपलीकडे बोलावण्याची वाट बघत बसला होता. आणि मी दारातल्या दारात, पायात चपला तशाच ठेवून, एकदा विचारलं आणि परत फिरले. पण मग मला रागही आला. बोलावणं तर आलं होतं ना? सगळ्या गावाला हो म्हणायला शिकवणारा माणूस, त्याला स्वतःला एक हो म्हणता येऊ नये?

मी तशीच उठले आणि त्यांच्याकडे गेले. चहाचं विचारायच्या आतच म्हटलं, "सर, हवालदार येऊन गेले."

सरांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "हो का," म्हणाले.

"जायचं होतं, तर नको का म्हणालात?"

ते खुर्चीत बसले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"निघून गेलं तोंडातून," ते म्हणाले. "तेव्हाही असंच निघून गेलं होतं."

"तेव्हा म्हणजे?"

मग सरांनी सांगितलं. सांगताना पहिल्या वाक्यापासून वऱ्हाडीच बोलत होते. प्वातिएच्या ग्रंथालयात एलीझ नावाची मुलगी कामाला होती. सरांचे निबंध ती तपासून द्यायची. रविवारी दोघं नदीकाठानं चालत जायची. तिकडे ताटाएवढं एक बिस्किट मिळतं, मधोमध बुक्की मारून फोडायचं आणि ज्यानं त्यानं आपापला तुकडा उचलायचा. सरांना उचलायचा संकोच वाटायचा, म्हणून बुक्की मारली की एलीझ डोळे मिटून घ्यायची, ते तुकडा घेईपर्यंत.

वर्ष संपलं. ती स्टेशनवर पोचवायला आली. दुसऱ्या फलाटावर, लाकडी बाकावर दोघं बसली होती. गाडीला दहा मिनिटं होती. तिनं विचारलं, "राहशील?"

"मले राहायचं होतं, वहिनी," सर म्हणाले. "दोन महिने मी तेच्यावरच विचार करून राह्यलो होतो. मायले लिहायचं पत्रसुद्धा मनात तयार होतं. आन् तिनं विचारलं, तं मी म्हटलं, नाही. पहिल्यांदाच कसं हो म्हणावं? मले वाटलं, ते आणखी एकडाव विचारंन. मंग मी जरा थांबीन, तिसऱ्यांदा हो म्हणीन."

"आणि?"

"तिनं मान हालवली. म्हणाली, बरं. हात मिळवला. गाडी आली. मी खिडकीत बसून तिच्या तोंडाकडे पाह्यत होतो, का आता विचारते, मंग विचारते. ते रडून राह्यली होती, पण विचारलं नाही. तिथं माणसाच्या शब्दाचा मान ठेवतात न, जी. मी नाही म्हटलं, तिनं माह्या नाहीचा मान ठेवला."

एवढी वर्षं आम्ही त्या सुपाच्या गोष्टीवर हसत आलो होतो.

"पत्र नाही लिहिलंत?"

"लिहिलं. सहा महिन्यांनी. ते पत्रही हिंमत करून लिहालेच सहा महिने लागले. उत्तरात लग्नाची पत्रिका आली." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मले तिले भेटाचं नाही आता, वहिनी. तिचे नातू असतीन. मले फक्त एकडाव त्या फलाटावर उतरायचं आहे. तिथून मी नुसता गेलोच. परत उतरलो नाही."

सांभारवडीचं ताट, 'आय ॲम गुड' म्हणणारी ती मुलगी, चौथ्या शनिवारी ओरडलेला तो यवतमाळचा मुलगा, आमच्या केतकीला दिलेली ताकीद, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माणूसघाणा म्हणे! रडायला येऊ नये म्हणून मी खेकसूनच बोलले.

"सर, तुम्ही आमच्याबरोबर प्वातिएला येणार आहात."

"नको, वहिनी. तुमचं घरचं कार्य आहे."

हे दुसरं 'नको'. मला आग्रह करता येत नाही हो. आमच्या घराण्यात कुणी कुणाला केलेला नाही. लग्नातसुद्धा आमच्याकडची माणसं पंगतीत जिलबी घेऊन धावल्यासारखी फिरतात. आग्रह कसा करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी आपली त्यांच्या समोरच्या खुर्चीवर घट्ट बसले आणि पदर खोचला.

"सर, केतकी वाट बघतेय. तुमच्यामुळे ती तिथं आहे. आम्हाला तिथलं ओ की ठो कळत नाही, आमचे हे पहिल्याच स्टेशनवर हरवतील. आणि तुम्ही आला नाहीत, तर मीही जाणार नाही. तुमचा हात आडवा असला तरी मी वाढणार. चला. चलाच."

सरांनी मांडीवरचे स्वतःचे हात पाहिले. ते खरोखरच एकावर एक आडवे होते. त्यांनी ते बाजूला घेतले.

मला वाटलं, आता 'व्होलोंतिए' म्हणतील. एवढी वर्षं तोच शब्द घोकून घेतला होता ना सगळ्यांकडून! पण तो त्यांना आठवला नसावा.

"येतो न जी," ते म्हणाले. एवढंच, आणि फार बारीक आवाजात.

थोड्या वेळानं ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "चहा घेता?"

माझं चहाकडे मनच नव्हतं. डोळे पुसायला पदर सापडत नव्हता. "नको, सर," मी म्हटलं.

सर दारातच थांबले. आत गेले नाहीत.

"घ्या न, वहिनी," ते म्हणाले. "अर्धा तरी घ्या."